काका, मला वाचवा

भाद्रपद उजाडला की मॉरिशसमधील मराठी घरांत गणपतीच्या तयारीची लगबग सुरू होते. गणेशचतुर्थी हा तेथे सार्वजनिक सुटीचा दिवस. आरत्या, मोदक आणि विसर्जनाची मिरवणूक यांच्या गडबडीत भुताखेतांचा विषय काढणे काही वडीलधाऱ्यांना अप्रशस्त वाटेल. परंतु ज्या वास्तूची कथा यंदा या सदरात सांगावयाची आहे, तिचा याच सणाशी संबंध आहे. पुण्याच्या शनिवारवाड्यात १७७३ साली ३० ऑगस्ट रोजी, ऐन गणेशोत्सवाच्या दिवसांत, भर दुपारी एका अठरा वर्षांच्या तरुणाचा खून झाला. तो तरुण मराठी राज्याचा पेशवा होता, आणि खुनाचा आरोप त्याच्या सख्ख्या चुलत्यावर आला.

त्या तरुणाची, नारायणरावाची, हाक वाड्यात अजून ऐकू येते असे म्हणतात. रात्री वाडा निर्मनुष्य झाला की आतून एखादे पोर जिवाच्या आकांताने धावत सुटल्यासारखा आवाज येतो आणि त्यामागून शब्द येतात, "काका, मला वाचवा!" कोणी सांगतात की ही हाक अमावास्येस येते, कोणी छातीठोकपणे पौर्णिमेचे नाव घेतात. भुताला तिथी ठरवून देण्याचे काम लोकांनी अजून पुरे केलेले नाही. मात्र हाकेचे शब्द कोणी बदलत नाही. पुण्याच्या पेठांत, मुंबईच्या चाळींत, कोकणातल्या पडवीत, जेथे जेथे मराठी बोलले जाते तेथे तेथे हे तीन शब्द मुलांना शाळेत जाण्यापूर्वीच पाठ झालेले असतात.

वाडा मुळात भीतीसाठी बांधलेला नव्हता. थोरल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी, त्याचा पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी, पुन्हा शनिवारीच, वास्तुशांत झाली. नाव त्यावरूनच पडले. जुन्नरच्या रानातील सागवान, चिंचवडचा दगड आणि जेजुरीचा चुना आणून हे काम झाले व त्यास १६,११० रुपये खर्च आला असे नमूद आहे. या जागेवर बाजीरावाने एका सशाला कुत्र्याचा पाठलाग करताना पाहिले आणि हीच भूमी पराक्रमाची म्हणून निवडली, अशी एक जुनी दंतकथा आहे. हीच कथा इतर काही शहरांविषयीही सांगितली जाते, तेव्हा तिच्यावर फार भार ठेवण्याचे कारण नाही. पुढे चौकांमागून चौक वाढले, दिवाणखाने व कारंजी झाली, बाहेरून भक्कम तट आला. उत्तरेकडील दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवर हत्तीच्या मस्तकाच्या उंचीला अणकुचीदार खिळे ठोकण्यात आले. शत्रू बाहेरून येईल या विचाराने हा बंदोबस्त होता.

थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे क्षयाने वारले. त्यांच्या मागून धाकटा भाऊ नारायणराव गादीवर बसला. त्या वेळी त्याचे वय सतरा होते. चुलता रघुनाथराव, ज्याला लोक राघोबादादा म्हणत, हा अटकेपार झेंडे नेणारा सेनानी. परंतु पेशवेपद आपल्याला मिळावे ही त्याची तळमळ कधी शमली नाही. त्याला वाड्यातच नजरकैदेत ठेवण्यात आले होते. एकाच छपराखाली पुतण्या राज्य करीत होता आणि चुलता कैद भोगीत होता. वाड्याच्या चौकी-पहाऱ्यावर गारदी होते. हे पगारी शिपाई, आणि त्यांचे पगार थकलेले. पुढे जे घडले ते घडावयास एवढे पुरेसे होते.

त्या दिवशी दुपारी सुमेरसिंग गारदी व त्याचे साथीदार पगाराची ओरड करीत वाड्यात शिरले. वाटेत जो आडवा आला त्याला त्यांनी कापले. नारायणराव पळाला. तो प्रथम चुलती पार्वतीबाईंच्या, म्हणजे पानिपतावर गेलेल्या सदाशिवरावभाऊंच्या पत्नीच्या, दालनात गेला आणि तेथून रघुनाथरावाकडे धावला. त्याने चुलत्याच्या कमरेला मिठी मारली. तुळाजी पवार नावाच्या रघुनाथरावाच्या सेवकाने त्याला ओढून वेगळे केले. चापाजी टिळेकर नावाचा नारायणरावाचा एक सेवक तेव्हा धन्याच्या अंगावर आडवा पडला. गारद्यांनी दोघांनाही तोडले. अवघ्या अर्ध्या तासात हे सारे आटोपले. रात्री पेशव्याचा देह वाड्याच्या एका बाजूच्या दरवाजाने बाहेर काढून नदीकाठी दहन करण्यात आला. देहाचे तुकडे गोळा करून न्यावे लागले असे परंपरा सांगते. त्या दरवाजाला आज नारायण दरवाजा म्हणतात.

रघुनाथरावाने गारद्यांना जो कागद दिला त्यात "धरावे" असे लिहिले होते आणि त्याच्या पत्नीने, आनंदीबाईने, "ध"चा "मा" करून "मारावे" केले, ही कथा इतकी रुजली की मराठी भाषेला त्यातून एक वाक्प्रचारच मिळाला. कागदाचा मजकूर बदलून अर्थाचा अनर्थ करणे याला मॉरिशसमधील मराठी म्हातारीही "धचा मा" म्हणेल. तो मूळ कागद आज पुढे ठेवता येत नाही. हे मात्र ध्यानात घेण्यासारखे आहे की गादी ज्याला हवी होती, पुतण्याने मिठी ज्याला मारली, त्या पुरुषाच्या माथ्यावरचा अर्धा दोष लोकांनी एका अक्षराच्या आधारे बाईच्या माथ्यावर सरकवून ठेवला. घरात अनर्थ घडला की सुनेकडे पाहावयाचे, ही रीत काही पेशव्यांच्याच घरची नाही.

या प्रकरणाची चौकशी झाली. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी ती केली, आणि दोष रघुनाथरावाकडे येतो असा निर्णय दिला. तोवर रघुनाथराव स्वतः पेशवा झालेला होता. गादीवरच्या माणसाला शास्त्रीबुवांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडून ते वाईजवळच्या खेड्यात जाऊन राहिले. मराठी मुलांना न्यायाची म्हणून जी पहिली गोष्ट सांगतात ती हीच. परंतु त्या गोष्टीचा पुढचा भाग क्वचितच सांगितला जातो. ते प्रायश्चित्त रघुनाथरावाने घेतले नाही. नाना फडणीस, सखारामबापू आदी कारभाऱ्यांनी एकत्र येऊन त्याला पदच्युत केले; नारायणरावाची विधवा गंगाबाई हिला १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर मुलगा झाला आणि त्या तान्ह्या बालकालाच पेशवेपदाची वस्त्रे देण्यात आली. रघुनाथराव इंग्रजांकडे गेला. १७७५ साली सुरतेस त्याने त्यांच्याशी तह केला आणि मराठे व इंग्रज यांच्यातील पहिले युद्ध त्यातूनच पेटले. १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर नेमणूक घेऊन तो कोपरगावी राहिला आणि १७८३ च्या डिसेंबरात आपल्या मरणाने मेला. हाताशी लागलेल्या मारेकऱ्यांना देहदंड झाला. ज्याच्यासाठी त्यांनी हत्यार उपसले तो मात्र शेवटपर्यंत नेमणूक खात राहिला.

शनिवारवाड्याच्या हाकेचे मूळ बहुधा येथेच शोधावे लागेल. निकाल लागला आणि अंमलबजावणी झाली नाही, अशा खटल्याचे दप्तर लोक मिटत नाहीत. सरकारी न्यायालय उठून गेले तरी लोकांचे बसूनच राहते आणि तेथे फिर्यादी दर महिन्याला येऊन तेच तीन शब्द सांगतो.

असे म्हणण्यास आधार आहे तो त्याच वाड्यात घडलेल्या दुसऱ्या एका मृत्यूचा. गंगाबाईचा तो मुलगा, सवाई माधवराव, एकविसाव्या वर्षी २५ ऑक्टोबर १७९५ रोजी त्याच वाड्याच्या माडीवरून खाली कारंजावर पडला आणि दोन दिवसांनी वारला. ताप होता, घेरी आली, की त्याने स्वतः उडी घेतली, यावर आजवर वाद चालला आहे. बाप गेला त्याच वास्तूत मुलगाही अपमृत्यूने गेला. कोणत्याही भूतकथेला यापेक्षा अधिक सामग्री काय हवी? पण सवाई माधवरावाची हाक कोणी ऐकत नाही. मारेकरी ठरलेला नाही, कोणी कोणाला दोषी धरलेले नाही. लोक त्याच्यासाठी हळहळतात आणि पुढे जातात. केवळ अकाली मरणाने भूत होत असते तर शनिवारवाड्यात दोन आवाज ऐकू यावयास हवे होते.

दुसरी गोष्ट याहून बोलकी आहे. नारायणरावाचा समंध आरंभी दगडमातीला धरून बसलेला नव्हता. आख्यायिका सांगते की तो माणसाच्या मागे लागला, आणि ते माणूस म्हणजे रघुनाथरावाचा मुलगा दुसरा बाजीराव. बापाने जे केले त्याचे फळ अखेरीस या मुलाच्या पदरात पडले. १७९६ साली तो पेशवा झाला. त्याला नारायणरावाची बाधा होते, असा प्रवाद होता. ती टळावी म्हणून त्याने ब्राह्मणांना दाने दिली आणि पुण्याभोवती आंब्याची असंख्य झाडे लावविली असे सांगतात. राज्य गमावून गंगेकाठी बिठूरला गेल्यावरही त्या पिशाचाने त्याचा पिच्छा सोडला नाही, अशीही कथा आहे. १८५१ साली बाजीराव तेथेच वारला. खून झाला तेव्हा तो जन्मलाही नव्हता. तरी लोकांच्या हिशेबी वाटा घेतला त्याने देणेही घ्यावे, हे योग्यच होते. प्रायश्चित्त म्हणून आमराया लावण्याची कल्पना मात्र कोणाचीही असो, चांगली होती. सावली व फळे यांचा लाभ तरी ज्यांचा या भांडणाशी काही संबंध नव्हता अशा वाटसरूंना झाला.

१७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले आणि पुढच्या वर्षी पेशवाई संपली. मग २७ फेब्रुवारी १८२८ रोजी वाड्याला आग लागली. ती सात दिवस धुमसत राहिली असे म्हणतात. सागवानाचे मजले, नक्षीचे खांब, आरसेमहाल, सर्व जळून गेले. तट, दरवाजे आणि दिल्ली दरवाजावरचा नगारखाना तेवढा वाचला. आत आज हिरवळ आहे, जोती आहेत, कारंजांचे हौद आहेत. नारायणराव ज्या दालनातून धावला ते दालन नाही, चुलत्याची खोली नाही, ज्या जिन्यांवरून पावले वाजली ते जिनेही नाहीत. झपाटलेल्या वाड्यांच्या गोष्टीत वाडा पडका असतो. येथे तो जवळजवळ नाहीच. जुनी आख्यायिका माणसाच्या मागे लागण्याची होती, आजची मोकळ्या पटांगणात घुमणाऱ्या आवाजाची आहे. ज्यांच्या मागे लागावे ती घराणी सत्तेवरून गेली, तेव्हा हाकेला राहावयास तट तेवढा उरला असावा.

आणि ती हाक टिकली ती केवळ तटामुळे नव्हे. रंगभूमीचा वाटा त्यात मोठा आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे "भाऊबंदकी" हे नाटक १९०९ सालचे; रघुनाथराव, आनंदीबाई व रामशास्त्री यांचा सामना त्यात रंगला आणि महाराष्ट्रभर गाजला. पुढे १९४४ साली प्रभात कंपनीने "रामशास्त्री" हा बोलपट काढला. खुनाचा प्रसंग ज्यांनी कधी बखरीत वाचला नाही त्यांनी तो या मार्गाने पाहिला व ऐकला. नारायणराव कथेत लहान पोर झाला आहे, तोही असाच कोठेतरी. वास्तविक तो अठरा वर्षांचा, विवाहित होता आणि लवकरच बाप होणार होता. कोकणातील जुनी माणसे भुतांची जात काटेकोरपणे सांगत. मुंज झालेला पण सोडमुंज न झालेला मुलगा मेला तर तो मुंजा, आणि तो पिंपळावर राहतो. त्या हिशेबाने नारायणराव मुंजा ठरत नाही; ब्राह्मणाचा समंध ठरतो, आणि समंध मोठ्या माणसाच्या आवाजात बोलला पाहिजे. लोकांना हे ठाऊक नव्हते असे नाही. तरी त्यांनी त्याला पोराचाच आवाज दिला, कारण "काका" म्हणून कमरेला मिठी मारणारा, वय काहीही असो, त्या क्षणी पोरच असतो.

वाऱ्याने, घुबडाने, तटाच्या कोनाड्यांतील पाकोळ्यांनी किंवा बाहेरच्या रस्त्यावरील वर्दळीने हा आवाज होत असेल, असे शास्त्रीय बुद्धीचे लोक सांगतात. ते खरेही असेल. संध्याकाळनंतर वाडा बंद होतो, तेव्हा अमावास्येच्या मध्यरात्री आत उभे राहून ऐकणारे साक्षीदार फारसे असण्याचा संभव नाही. पण वाऱ्याला मराठी शब्द कोणी शिकविले, हा प्रश्न वारा मोजून सुटत नाही.

या कथेत मॉरिशसच्या वाचकांनी विशेष लक्ष द्यावे असे एक स्थळ आहे, आणि ते सहसा झाकलेले राहते. पेशव्यांचे मूळ घराणे कोकणातील श्रीवर्धनचे. ते घाट चढून पुण्यास गेले आणि वैभवास पोहोचले. त्याच कोकणातील दुसरी माणसे, पेशवाई बुडाल्यावर वीस-पंचवीस वर्षांच्या आत, मुंबई बंदरातून करारावर सही किंवा अंगठा करून समुद्रापार निघाली. वाचकांचे पणजे-खापरपणजे त्यांतलेच. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्याच्या दगडी पायऱ्या चढून ते बेटावर आले त्या आप्रवासी घाटाला २००६ साली जागतिक वारसास्थळाचा मान मिळाला. तेथे प्रत्येकास क्रमांक मिळाला. त्या नोंदी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत आणि आजही कितीतरी कुटुंबे तेथे जाऊन आपल्या पूर्वजाचे नाव, गाव आणि क्रमांक शोधून काढतात. कित्येकांची जहाज आणि तारीखही सापडते. वाटेत किंवा उसाच्या मळ्यात जो मेला त्याची शेवटची हाक काय होती, ते कोणत्याच वहीत नाही.

शनिवारवाड्याकडे या नजरेने पाहिले म्हणजे मोजणी वेगळी दिसू लागते. ३० ऑगस्ट १७७३ च्या दुपारी एक मनुष्य मेला नाही, अकरा मेले. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यांची मांडणी करून ठेवली आहे. नारायणरावासह सात ब्राह्मण, दोन मराठे सेवक आणि दोन दासी. हे लोक चाकरीवर होते. त्यांचे गादीशी काही देणे नव्हते. गारद्यांच्या थकलेल्या पगाराशी तर नव्हतेच. दासी कोणत्या कामात होत्या, दिवे पुसत होत्या की गणपतीच्या पूजेची फुले निवडीत होत्या, हे कोणी विचारले नाही. त्यांनीही हाका मारल्या असतील. त्या हाकांना "काका" म्हणण्यास वाड्यात कोणी काका नव्हता, आणि त्यांच्या खुनाची स्वतंत्र चौकशी करावी असे रामशास्त्र्यांसारख्या न्यायाधीशापुढेही कोणी मांडल्याचे सांगितले जात नाही.

म्हणून अकरा खुनांच्या वास्तूत आवाज एकच ऐकू येतो. भुतांच्या राज्यातही पेशव्यालाच पेशवेपद मिळाले. दिल्ली दरवाजापुढे उभे राहून बाजीरावाच्या पुतळ्याशेजारी छायाचित्र काढणाऱ्या पाहुण्यांना हाकेची गोष्ट हमखास सांगितली जाते. चापाजी टिळेकराची सांगितली जाईलच असे नाही. वास्तविक सगळा वाडा भिंतीला पाठ लावून उभा असता, तुळाजीने ओढून दूर केलेल्या पोराच्या अंगावर जो पडला तो तोच. वाचवा म्हणून हाक चुलत्याला घातली होती. तिला उत्तर दिले ते गड्याने, आणि न बोलता दिले. त्या उत्तराने कोणी वाचले नाही, म्हणून ते उत्तर नव्हते असे म्हणता येणार नाही.

पंढरपूर-आळंदीच्या यात्रेस निघालेले मॉरिशसचे मराठी लोक बहुधा पुण्यात एखादा दिवस राहतात आणि शनिवारवाडा पाहतात. त्यांनी दिल्ली दरवाजाने आत जावे. खिळे पाहावेत, नगारखान्यावर चढून शहर पाहावे, कमळाच्या आकाराचे हजारी कारंजे पाहावे. नंतर तटाच्या कडेने चालत नारायण दरवाजा गाठावा. तो आकाराने लहान आहे आणि तेथे गर्दी नसते. वाटाड्या "काका, मला वाचवा" सांगू लागला तर ऐकून घ्यावे, आणि त्याचे सांगून झाल्यावर उरलेल्या दहा जणांची नावे विचारावीत. त्याला एखादे जरी सांगता आले तरी ते वहीत टिपून आणावे.